शेडमधल्या संगणकावर मॉडेल, मावश्यांच्या फोनवर उत्तर

नागपूरच्या काटोल रोडवर माझ्या मामांचं संत्र्याचं पॅकिंग शेड आहे. आंबिया बहाराचा माल सुरू झाला की तिथे दिवसभर निवड चालते. स्वच्छ सालीचं फळ एका कॅरेटमध्ये, डागी दुसऱ्यात, खराब बाजूला. वाद होतो तो डागी माल किती यावर. शेतकरी म्हणतो थोडाच आहे, घेणारा म्हणतो बराच आहे, आणि भाव त्यावरच ठरतो. म्हणून नमुन्याच्या कॅरेटमधल्या प्रत्येक फळाचा फोटो काढायचा आणि दोघांच्याही समोर एकच मोजमाप ठेवायचं, यासाठी मी फोटोवरून फळाची प्रत, म्हणजे दर्जा, सांगणारं मॉडेल तयार केलं. ते शेडमधल्याच एका साध्या संगणकावर चालतं. निवड करणाऱ्या मावश्या फोनवरून फोटो पाठवतात आणि उत्तर त्याच फोनवर येतं. मधे इंटरनेट कुठेच लागत नाही.

हे कसं उभं करायचं ते सांगते. तुमच्याकडे संत्र्याऐवजी कापूस असेल, मिरची असेल, तरी वाट हीच आहे. तुम्हाला पायथन येतं आणि मॉडेल शिकवून तयार आहे, असं धरून चालते.

आधी एक मर्यादा. हे मॉडेल फक्त सालीकडे पाहतं. आकार फोटोवरून ठरवायला जाऊ नका, जवळून फोटो काढला की लिंबूही संत्र्याएवढं दिसतं. आणि डाग कोळ्यामुळे पडला की बुरशीमुळे, हेही ते सांगत नाही. त्यासाठी फळ घेऊन अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या तज्ज्ञांकडे जावं.

मॉडेलची फाईल

मी मोबाईलनेट व्ही-टू वापरलं, पायटॉर्चमध्ये. २०१८ सालची रचना आहे, पण साध्या प्रोसेसरवर चालवायला आजही उत्तम. तिचा हजार वर्गांचा शेवटचा थर काढून आपल्या तीन वर्गांचा लावला की साधारण बावीस लाख आकडे, म्हणजे मॉडेलची वजनं, उरतात आणि फाईल नऊ-दहा एमबीत बसते. ग्राफिक्स कार्डाची गरज नाही.

शिकवून झालं की मॉडेल ओएनएनएक्स स्वरूपात काढा. दोन कारणं आहेत. पहिलं, शेडमधल्या संगणकावर अख्खं पायटॉर्च टाकावं लागत नाही, ओएनएनएक्स रनटाइम पुरतं. दुसरं सुरक्षेचं. पायटॉर्च एरवी वापरतं त्या पिकल स्वरूपातली फाईल उघडताना तिच्यात दडवलेला कोणताही कोड चालू शकतो, त्यामुळे कोणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेली पिकल फाईल सर्व्हरवर, म्हणजे शेडमधल्या संगणकावर, उघडणं धोक्याचं. काढण्याआधी मॉडेलवर इव्हॅल हा आदेश चालवायला विसरू नका. तो नसेल तर ड्रॉपआउट आणि बॅच नॉर्मलायझेशन शिकवण्याच्या अवस्थेतच राहतात आणि उत्तरं बिघडतात. फाईलसोबत वजनांची आणखी एक फाईल तयार झाली तर दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा, एकीशिवाय दुसरी उघडत नाही.

वर्गांची नावं आणि त्यांचा क्रम वेगळ्या छोट्या फाईलमध्ये लिहून मॉडेलशेजारी ठेवा. हे मी आग्रहाने सांगते आहे. पायटॉर्चचं इमेजफोल्डर फोल्डरांची नावं क्रमाने लावतं. माझे फोल्डर ‘खराब’, ‘डागी’, ‘स्वच्छ’ या नावांचे आहेत, म्हणजे शून्य क्रमांक खराबचा. बोलताना मात्र आपण स्वच्छपासून सुरुवात करतो. सर्व्हर लिहिणाऱ्याने तोच क्रम गृहीत धरला तर स्वच्छ आणि खराब यांची नेमकी अदलाबदल होईल, डागी मात्र मधे जिथल्या तिथे बरोबर राहील. कुठेही त्रुटी दिसणार नाही, आणि एखाद्या शेतकऱ्याचा चांगला माल बाजूला पडेल.

फोटो ज्या वाटेने शिकला, त्याच वाटेने यायला हवा

या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा भाग. मॉडेल चांगलं असून सर्व्हरवर गेल्यावर ‘कच्चं’ वाटलं, की बहुतेक वेळा दोष फोटो तयार करण्याच्या पायऱ्यांत असतो. शिकवताना एक पद्धत, उत्तर देताना दुसरी. मॉडेल तक्रार करत नाही, ते निमूटपणे थोडं थोडं चुकत राहतं.

माझ्याकडे शिकवताना फोटोची लहान बाजू २५६ पिक्सेलची होत असे, मग मधला २२४ बाय २२४ चा चौकोन कापला जात असे. सर्व्हरवर हेच पिलो या फोटो हाताळणाऱ्या पॅकेजने करायचं. पिलोच्या रिसाइझला रुंदी आणि उंची दोन्ही द्याव्या लागतात. सवयीने दोन्हीकडे २५६ लिहिलं की फोटो दाबला जातो आणि गोल फळ लांबट होतं. लांबी-रुंदीचं प्रमाण राखून दुसरी बाजू आपणच काढायची. शिवाय फोटोचा आकार बदलताना पिलो न सांगता बायक्युबिक पद्धत वापरतं, तर पायटॉर्चच्या टॉर्चव्हिजनमध्ये न सांगितलेली पद्धत बायलिनिअर असते. म्हणून बायलिनिअर स्पष्ट लिहा. ओपनसीव्ही वापरायचा मोह होईल, पण ते फोटो निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचतं आणि लहान करताना त्याची साधी बायलिनिअर पद्धत कडा वेगळ्या ठेवते. संत्र्यात लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली तर काय उरेल, तुम्हीच विचार करा. शिकवताना पिलो असेल तर इथेही पिलोच.

मग आकडे. प्रत्येक पिक्सेलला २५५ ने भागायचं, त्यातून ०.४८५, ०.४५६, ०.४०६ वजा करायचे आणि ०.२२९, ०.२२४, ०.२२५ ने भागायचं. हे इमेजनेट या मोठ्या फोटोसंचाचे नेहमीचे आकडे आहेत. तुम्ही शिकवताना वेगळे घेतले असतील तर तेच इथे. रंगाचे थर पुढे आणून रचना एक, तीन, २२४, २२४ अशी करा. शेवटी फ्लोट-३२ मध्ये बदला. नमपाय दशांश आकडे आपणहून फ्लोट-६४ मध्ये नेतं आणि मग ओएनएनएक्स रनटाइम ‘डबल मिळालं’ (डबल म्हणजे फ्लोट-६४) म्हणून अडतं. निदान इथे ते मोठ्याने अडतं हे चांगलं.

फोनचे फोटो आडवे-उभे कळावेत म्हणून फाईलमध्ये एक्झिफची खूण असते. पिलोच्या इमेजऑप्समधलं एक्झिफ-ट्रान्सपोज आधी चालवा. संत्रं गोलच असल्याने आमच्याकडे त्याचा फरक कमी, पण पानं किंवा वजनकाट्याचे आकडे वाचणाऱ्या मॉडेलला फार पडेल.

आता पडताळणी. शिकवण्याच्या संगणकावर वीस-पंचवीस फोटो घ्या, तिन्ही प्रतींचे, उभे-आडवे दोन्ही. प्रत्येकाची तीन संभाव्यता-मूल्यं फाईलमध्ये उतरवा. मग तेच फोटो एपीआयकडून, म्हणजे सर्व्हरवरच्या फोटो घेऊन उत्तर देणाऱ्या सोयीकडून, तपासून घ्या आणि आकडे शेजारी ठेवा. फरक ०.००१ च्या आत हवा. जास्त असेल तर उत्तरं सोडा आणि मॉडेलमध्ये शिरणारे आकडे ताडून पाहा, पायरी लगेच सापडते. ही पडताळणी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवा आणि काहीही बदललं की चालवा. ती जुळल्याशिवाय माझ्या शेडमध्ये नवीन काही लागत नाही.

एपीआय

फास्टएपीआय (एपीआय लिहायला), युव्हिकॉर्न (ते सर्व्हर म्हणून चालवायला), ओएनएनएक्स रनटाइम, पिलो, नमपाय आणि पायथन-मल्टिपार्ट एवढी पॅकेजं पुरतात. शेवटचं लोक विसरतात. फोटो अपलोड करून घ्यायचा तर ते लागतंच, नसेल तर सर्व्हर सुरू होतानाच थांबतो. शेडमध्ये नेट नसेल तर घरी पिपच्या डाउनलोड आदेशाने सगळी पॅकेजं एका फोल्डरमध्ये उतरवून पेन ड्राइव्हने न्या. मात्र दोन्हीकडे पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम सारखी हवी.

कोड लिहिण्याआधी करार लिहा. आत काय येणार: एक फोटो, जेपेग किंवा पीएनजी, जास्तीत जास्त दहा एमबी. बाहेर काय जाणार: प्रत, खात्री, मॉडेलची आवृत्ती. मी जेसनमधली नावंही मराठीच ठेवली आहेत, फास्टएपीआय देवनागरी जशीच्या तशी पाठवतं. फोनच्या पानावर शब्द बदलत बसायची गरज उरत नाही.

मॉडेल सर्व्हर सुरू होताना एकदाच उघडायचं, फास्टएपीआयच्या लाइफस्पॅनमध्ये. प्रत्येक फोटोला फाईल नव्याने उघडली तर उत्तराचा बहुतेक वेळ त्यातच जातो. उघडल्यावर लगेच एक कोरा फोटो मॉडेलमधून काढा. पहिला हिशेब नेहमी संथ असतो, तो मावशींच्या वाट्याला येऊ नये.

प्रत सांगणारं फंक्शन साध्या डेफने लिहा, असिंक डेफने नको. मॉडेल चालवणं हे प्रोसेसरला धरून ठेवणारं काम आहे. असिंक फंक्शनमध्ये ते थेट केलं तर तेवढा वेळ अख्खा सर्व्हर अडतो, दुसऱ्या फोनचा फोटो घेतलाच जात नाही. साधं डेफ दिसलं की फास्टएपीआय ते काम वेगळ्या थ्रेडकडे देतं. मग फाईल वाचताना अवेट लागत नाही, अपलोडफाईलच्या आतल्या फाईलवरून सरळ वाचता येतं. ओएनएनएक्सचं सेशन एकाच वेळी अनेक थ्रेडांनी वापरलं तरी चालतं. चार कोअरचा संगणक असेल तर सेशनला दोन थ्रेडांची मर्यादा घाला. एरवी प्रत्येक फोटो सगळे कोअर मागतो आणि चार फोन एकदम आले की सगळेच रखडतात. युव्हिकॉर्नचे वर्कर वाढवायची घाई नको. प्रत्येक वर्कर मॉडेलची स्वतःची प्रत मेमरीत उघडतो, आणि एका शेडला एक वर्कर पुरतो.

नकार नीट द्यायला शिकवा. फाईल मोठी असेल तर ४१३, फोटोच नसेल तर ४१५, आणि सोबत मराठीत एक वाक्य: ‘फोटो उघडला नाही, पुन्हा काढा.’ आकाराची मर्यादा फास्टएपीआय स्वतः घालत नाही, ती आपणच तपासायची. पिलोची एक खोच लक्षात ठेवा. फाईल उघडताना ते फक्त सुरुवातीचा मजकूर पाहतं, पिक्सेल नंतर वाचतं. अर्धवट आलेला फोटो उघडताना चालून जातो आणि पुढच्या ओळीत कोसळतो. त्यामुळे आरजीबीत बदलण्याची ओळसुद्धा त्याच ट्राय-एक्सेप्टमध्ये घ्या.

आणि चौथं उत्तर. वर्ग तीनच असले तरी एपीआयची उत्तरं चार हवीत: स्वच्छ, डागी, खराब आणि ‘सांगता येत नाही’. मॉडेलपुढे हाताचा तळवा धरला तरी ते तिघांपैकी एक निवडणारच, सॉफ्टमॅक्सची, म्हणजे तिन्ही संभाव्यतांची, बेरीज एक व्हावीच लागते. म्हणून खात्री एका मर्यादेखाली असेल तर प्रत सांगायचीच नाही. मर्यादा अंदाजाने ठेवू नका. शिकवण्यात न वापरलेले फोटो खात्रीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि चुका कुठून वाढतात ते पाहा. अशी फळं आमच्याकडे वेगळ्या टोपलीत जातात, शेतकरी आणि मामा दोघं हातात घेऊन ठरवतात. मशीनने खोटी खात्री दाखवून कोणाचा भाव पाडू नये. हे माझ्यासाठी अचूकतेच्या टक्क्यांपेक्षा मोठं आहे. खात्रीचा आकडा म्हणजे बरोबर असण्याची हमी नव्हे. हाताच्या फोटोलाही तो कधी मोठा येतो, म्हणून ही मर्यादा असली तरी काय पाठवलं जातंय यावर माणसाची नजर हवीच.

फोनपर्यंत पोहोचवणं

युव्हिकॉर्न आपणहून १२७.०.०.१ वर बसतं, म्हणजे त्याच संगणकापुरतं. फोनवरून पोहोचायचं तर होस्ट ०.०.०.० द्या. पोर्ट ८००० राहू द्या. मग राउटरच्या सेटिंगमध्ये त्या संगणकाला पत्ता कायमचा बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. तो न बांधल्यास राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू शकतो आणि फोनवर जतन केलेलं पान निकामी होतं. तरी उघडत नसेल तर फायरवॉल पाहा. विंडोजवर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवलेलं असावं आणि पायथनला परवानगी असावी. उबुंटूवर यूएफडब्ल्यू चालू असेल तर ८००० मोकळं करावं लागतं.

०.०.०.० म्हणजे त्या वाय-फायवरच्या प्रत्येकाला दार उघडं. म्हणून कामाचं वाय-फाय वेगळं ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचा पासवर्ड देऊ नका, आणि राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग अजिबात करू नका. मी हेडरमध्ये एक गुप्त शब्दही तपासते. साध्या एचटीटीपीवर तो उघडाच जातो, तेव्हा तो वाय-फायच्या कुलपाची जागा घेत नाही.

फोनसाठी एक साधं एचटीएमएल पान त्याच फास्टएपीआयमधून द्या. पान आणि एपीआय एकाच पत्त्यावर असल्याने कॉर्सचा, म्हणजे ब्राउझरने दुसऱ्या पत्त्याला रोखण्याचा, प्रश्न येत नाही. पानात थेट कॅमेरा दाखवायला गेलात तर अडाल. ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या पानाला कॅमेरा देत नाही, लोकलहोस्ट तेवढा अपवाद, आणि १९२.१६८ हा पत्ता त्या अपवादात बसत नाही. त्याऐवजी फाईल निवडण्याचा इनपुट ठेवून त्याला कॅप्चर हा गुण द्या. बटण दाबलं की फोनचा स्वतःचा कॅमेरा उघडतो, फोटो काढला की पानावर येतो. बटण मोठं करा, ओल्या बोटांनीही लागेल असं. फोटो गेला की लगेच ‘पाहत आहे’ असं काहीतरी दिसू द्या. पहिल्या आठवड्यात मावशींनी विचारलंच, “ताई, कायले थांबून राहिलं हे?” आता ती ओळ दिसते आणि कोणी विचारत नाही.

तपासणीसाठी फास्टएपीआय डॉक्स नावाचं पान आपोआप देतं, तिथून फोटो टाकून पाहता येतो. घरी ते छान चालेल आणि शेडमध्ये कोरं दिसेल. त्या पानाची सजावट आणि जावास्क्रिप्ट इंटरनेटवरून येते. स्वॅगर यूआयच्या त्या दोन फाईली उतरवून स्वतःच्या स्टॅटिक फोल्डरमधून दिल्या की काम झालं. तेवढा खटाटोप नको असेल तर कर्ल या आदेशाने फोटो पाठवून बघा, तेही पुरतं.

वीज आणि ऊन

संगणकाच्या बायोसमध्ये वीज परतली की आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करा. लिनक्सवर सर्व्हरला सिस्टिमडीची सेवा बनवा आणि रीस्टार्ट नेहमीसाठी ठेवा. युव्हिकॉर्नचा रीलोडचा पर्याय (कोड बदलला की सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू करणारा) फक्त घरी, कोड लिहिताना. लहान यूपीएस असू द्या, आणि राउटरही त्यावरच जोडा. संगणक चालू आणि राउटर बंद, याचा काही उपयोग नाही.

मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, आणि त्याच्या शेवटच्या गाड्या येईस्तोवर नागपुरात ऊन तापलेलं असतं. पत्र्याच्या शेडमध्ये संगणक तापला की प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो आणि उत्तरं रेंगाळतात. लोक मायेने तो कूलरसमोर ठेवतात. तसं करू नका, कूलरची हवा दमट असते, पाण्याचे थेंबही उडतात. भिंतीपासून हातभर दूर, उन्हाच्या आड, साधा पंखा, आणि महिन्याला धूळ झाडणं. किती वेळ लागला हा आकडा प्रत्येक उत्तरासोबत लॉगमध्ये लिहा. सरासरी पाहू नका, शंभरातल्या सर्वांत संथ पाच उत्तरांकडे बघा. दुपारी तेच वाढताना दिसतील.

नवीन मॉडेल लावताना

‘सांगता येत नाही’ आलेले फोटो मी शेतकऱ्याला विचारून जपून ठेवते, त्यावर नंतर मामांनी दिलेली प्रत नोंदवते, आणि हंगाम संपला की त्यांच्यासह पुन्हा शिकवते. नवीन फाईलला नवीन नाव द्या, जुनीवर लिहू नका. आवृत्तीचं नाव वर्गांच्या फाईलमध्येच असू द्या, म्हणजे ते प्रत्येक उत्तरासोबत जाईल आणि एखाद्या गाडीचा वाद महिन्याने निघाला तरी कोणत्या मॉडेलने काय सांगितलं ते दाखवता येईल. बदल संध्याकाळी, शेवटची गाडी कळमन्याच्या बाजाराला निघाल्यावर करा. पडताळणीची स्क्रिप्ट चालवा, सर्व्हरची स्थिती सांगणारा ‘हेल्थ’ नावाचा एक पत्ता एपीआयमध्ये ठेवा, त्यावर नवी आवृत्ती दिसते का बघा, आणि मग एका फोनवरून खऱ्या फळाचा फोटो पाठवा. काही खटकलं तर सेटिंगमध्ये जुन्या फाईलचं नाव लिहून सेवा पुन्हा सुरू करायची. सकाळी मावश्या येण्याआधी दोन मिनिटांत हे करता आलं पाहिजे, आणि ते मामांनाही येत असलं पाहिजे. त्यासाठी दोन्ही आदेश मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी चिकटवले आहेत.